मंकी ब्रेड

दालचिनी-साखरेत घोळवलेले पिठाचे लहान तुकडे साच्यात रचून, वर लोणी व ब्राऊन शुगर ओतून भाजलेला अमेरिकी गोड पाव. तो सुरीने कापत नाहीत. लादीतला पाव तोडावा तसा एकेक तुकडा बोटांनी ओढून घेतात. लादीपावाचे गोळे भाजताना एकमेकांना धरतात. येथे प्रत्येक तुकड्याभोवती साखर व लोण्याचे आवरण असल्याने ते सहज सुटतात.

नाव : माकडासारखे खुडून खातात म्हणून हे नाव पडले, असे बहुधा सांगितले जाते. इंग्रजीत गोरखचिंचेच्या फळालाही हेच नाव आहे. त्याचा या पावाशी संबंध नाही.

पूर्वपीठिका : हंगेरीतील ‘आरान्यगालुश्का’ (सोनेरी गोळे) हा त्याचा जवळचा पूर्वज मानतात. त्यात यीस्टच्या पिठाचे गोळे लोण्यात बुडवून साखर व अक्रोडाच्या कुटात घोळवतात. हंगेरियन ज्यू स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला. बेटी क्रॉकर या अमेरिकी खाद्यब्रँडच्या 1972च्या पाकपुस्तकात त्याची कृती ‘हंगेरियन कॉफी केक’ या नावाने आली. अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी 1980च्या दशकात व्हाइट हाउसमध्ये नाताळला मंकी ब्रेड ठेवला. त्यांच्या कृतीत यीस्ट आहे, दालचिनी नाही.

तयार पीठ : आज घरोघरी होणारा मंकी ब्रेड मुख्यतः डबाबंद ‘बिस्किट’ पिठाचा असतो. अमेरिकेत बिस्किट म्हणजे यीस्टशिवाय फुगवलेला मऊ, छोटा पाव. आपले चहाबरोबरचे बिस्किट नव्हे. केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील लाइव्हली विलोबी या बेकरने असे पीठ पुठ्ठ्याच्या नळकांड्यात टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट 1931 साली घेतले. ते बॅलर्ड अँड बॅलर्ड या पीठगिरणीकडे आणि 1951 मध्ये ती गिरणी पिल्सबरी कंपनीकडे गेली. पिठात सोडा व सावकाश काम करणारे आम्ल (उदा., सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट) असते. भरल्यावर थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो, पीठ फुगून नळकांडे भरते व आत दाब तयार होतो. उरलेली क्रिया थंडीने रोखून धरलेली असते आणि भट्टीत पूर्ण होते. शिवणीवर चमचा दाबताच नळकांडे आवाज करून उकलते, ते या दाबामुळे. यीस्टच्या पिठाची लवचीक ओढ व आंबूस वास मात्र यात येत नाही. नाव एकच असले तरी यीस्टचा तो पाव आणि हा केकच्या जवळचा, हे दोन वेगळे पदार्थ समजणे योग्य.

कृती : दोन डब्यांतील 16 बिस्किटांचे प्रत्येकी चार, म्हणजे 64 तुकडे करतात. अर्धा कप साखर व एक चमचा दालचिनीत ते घोळवून मधे पोकळ नळी असलेल्या, लोणी लावलेल्या साच्यात सैल रचतात. पाऊण कप वितळलेल्या लोण्यात एक कप ब्राऊन शुगर मिसळून वर ओततात. सुमारे 175° से.वर अर्धा तास भाजतात. मधल्या नळीमुळे उष्णता आतवर पोचते. सपाट साच्यात थर जाड झाला, तर मध्यभाग कच्चा राहतो. पीठ शीतकपाटातून काढून लगेच वापरावे.

प्रकार : लसूण व चीज घातलेला तिखटमिठाचाही करतात.

भट्टीतून काढल्यावर पाच-दहा मिनिटांत साचा ताटात उपडा करावा. त्यानंतर पाक घट्ट होऊन तळाला धरतो.