जेरबंद, कावा आणि काटेरी लगाम

'बिबट्या जेरबंद' हा मथळा मराठी वाचकाच्या चांगल्याच परिचयाचा आहे. जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातला एक पट्टा, हे मात्र आता सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. फारसीत 'जेर' म्हणजे खाली. मुखापासून निघून पुढच्या दोन पायांमधून पोटाखालच्या तंगाला बांधलेला हा पट्टा घोड्याला मान वर झटकू देत नाही. दांडग्या, अवखळ जनावरावर आपल्याकडे योजलेला हा एक जुना उपाय. दुसरा उपाय म्हणजे कठोर लगाम.

या कठोरपणाला लष्करी कारण होते. छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाताना पाचोड लागते; पुढे शहागडजवळ गोदावरी ओलांडावी लागते. पाचोडच्या वायव्येला वैजापूर तालुक्यात पालखेड आहे, तर नदीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडले, ते जड तोफखान्याच्या बळावर नव्हे, तर घोडदळाच्या वेगावर. पुढे ६ मार्चला तह झाला तो पैठणनजीकच्या मुंगी-शेवगावास. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला निजामाची फौज गोदावरीच्या दोन तीरांवर विभागली गेली असताना मराठ्यांनी दक्षिण तीरावरचा भाग मोडून काढला.

अशा लढतीत स्वाराच्या उजव्या हातात भाला किंवा तलवार आणि लगाम एकट्या डाव्या हातात. घोडा भरधाव जाऊन जागच्या जागी वळला पाहिजे. 'कावा' या शब्दाचा जुना अर्थही घोड्याला वर्तुळात फिरवणे असाच आहे. गनिमी काव्यातला कावा त्याचाच सोयरा असावा, असे मला वाटते. एका हाताच्या ओढीने असे वळण साधायचे, तर त्या ओढीचे बळ वाढवणारे लोखंड तोंडात असणे सोयीचेच.

पण काट्यांची परंपरा मराठ्यांहून पुष्कळच जुनी. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख नीआर्कस याच्या आधारे एरियनने हिंदी घोड्यांचे वर्णन केले आहे. त्यांच्या तोंडाभोवती बैलाच्या कच्च्या चामड्याची पट्टी असे आणि तिच्या आतल्या बाजूस पितळेचे वा लोखंडाचे, फारसे तीक्ष्ण नसलेले काटे असत, श्रीमंतांकडे हस्तिदंती. ग्रीकही याबाबतीत सोवळे नव्हते. झेनोफनने अश्वारोहणावरील ग्रंथात गुळगुळीत आणि खरखरीत असे दोन लगाम बाळगायला सांगितले आहे. मात्र खरखरीत लगामाचा हेतू घोड्याला गुळगुळीत लगामाची गोडी लागावी, एवढाच. ताठ लगाम घोडा दातांत धरतो, सांध्यांचा लवचिक लगाम त्याला धरता येत नाही, हे त्याचे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही. (लगामासाठी संस्कृतात असलेला 'खलीन' हा शब्द ग्रीक 'खालिनोस'वरून आला, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. साजासोबत शब्दही प्रवास करतात.)

लगाम टेकतो तो पुढचे दात आणि दाढा यांमधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे हाडावर जेमतेम पातळ आवरण असते. काटा तिथे रुतला की घोडा वेदना चुकवायला मान झटकतो. स्वार त्याला दांडगा समजून अधिक ओढतो. जखमा होऊन हिरडी निबर झाली की तोंड 'जड' झाले म्हणून आणखी कडक लगाम येतो. मग जेरबंद. बऱ्याच घोड्यांचा अवखळपणा असा कमावलेला असतो, हे जाणत्या चाबूकस्वाराला सांगावे लागत नाही.

१९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला बंदी घातली. तरीही लग्नाच्या वरातीतल्या घोड्यांच्या तोंडात तो सापडतो. तिथे ना भाला असतो, ना पालखेड. दोन्ही हात मोकळे असतात. ढोलताशांत बिथरलेल्या घोड्याला धरायला हाच लगाम हवा, असा मालकांचा युक्तिवाद असतो, आणि त्यातली भीती खरी आहे. पण वेदनेने बिथरलेला घोडा गर्दीत अधिक धोक्याचा.

अशा घोड्यासाठी लगाम निवडताना आधी त्याचे तोंड उघडून पाहावे. दाढेची धार गालाला लागते का, हिरडीवर जुना व्रण आहे का. मग गुळगुळीत, सांध्याचा, फार बारीक नसलेला लगाम घ्यावा. बारीक सळई अधिक कापते, आणि लहान तोंडात फार जाड सळईही मावत नाही. रुंदी अशी हवी, की ओठांचे कोपरे चिमटणार नाहीत आणि लगाम इकडून तिकडे सरकणारही नाही. लांब दांड्यांचा लगाम ओढीचे बळ वाढवतो. तो नवशिक्या हाती देऊच नये.

जेरबंद बांधायचाच झाला, तर घोड्याला मान स्वाभाविक उंचीवर धरता येईल इतका सैल ठेवावा.