गूळपाणी ते बाटली

उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवावा, ही आपली जुनी रीत. नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत तिच्या जोडीला कोकमाचे सरबत असे. रातांब्याच्या वाटीत साखर भरून बरणीत रचावी, बरणी उन्हात ठेवावी आणि सुटलेला रस वर्षभर पुरवून वापरावा. तेव्हा गोड पेय हे साहेबाने आणलेले खूळ, असे म्हणण्यात अर्थ नाही. साहेबाने आणला तो बुडबुडा.

१७६७ साली प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने लीड्स येथे बिअरच्या भट्टीवरचा वायू पाण्यात मिसळून पाहिला. १८७२ साली हायरम कॉडने गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले आणि पुढे तीच बाटली आपल्या जत्रांतून 'फट्' करून उघडू लागली. कोका-कोला १९७७ साली भारतातून गेला, त्याच वर्षी थम्स अप आले. १९९३ साली कोका-कोला परतला. नाव बदलले तरी सवय बदलली नाही.

एक फरक मात्र पडला. काचेची बाटली दुकानातच रिकामी करून परत द्यावी लागे. त्यामुळे पिण्याला आपोआप माप होते. प्लॅस्टिकची बाटली वसतिगृहाच्या खोलीत जाते, उशाशी राहते, आणि माप सुटते.

सुट्टीत मुंबई-पुण्याचे विद्यार्थी नागावच्या किनाऱ्यावर येतात. त्यांच्याशी बोलताना मला मौज वाटते. साखरेने वजन वाढते, दात किडतात, मधुमेहाला वाट मिळते, हे सारे त्यांना पाठ असते. आणि सांगताना हातात बाटली असते! वरून घातलेली साखर दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमपर्यंत, म्हणजे सहा चमचे, ठेवणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. कोलाच्या तीनशे मिलिलिटरांतच तीस ग्रॅमांहून अधिक साखर असते. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१६ साली महाविद्यालयांच्या आवारातून असले निकस खाद्यपदार्थ हटवण्याची सूचना केली होती. ज्ञानाची वाण नाही.

मग उणे काय? मला १९०५ साल आठवते, अर्थात वाचलेले. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली आणि परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. पुण्यात परदेशी कपड्यांची होळी पेटवण्यात फर्ग्युसनचे विद्यार्थी सावरकर पुढे होते. त्या पिढीला कॅलरी ठाऊक नव्हती. पण चार मित्रांत परदेशी साखर तोंडात टाकायची लाज वाटत होती. एकट्याच्या निग्रहाला जे जड जाते, ते मंडळींत सहज साधते.

आज मित्रांच्या घोळक्यात बाटली नाकारणाराच ओशाळतो. शेजारी शहाळी विकणारा मात्र कोयता टेकून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. त्या घोळक्यातल्या एखाद्याने आधी शहाळे मागितले, तर दुसरे मागायला फार वेळ लागत नाही.