सुकाणू का ओढतं?

आम्ही औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) माणसं. समुद्र भेटतो तो सुट्टीत, मालवणला मामाकडे.

मामाची शिडाची छोटी होडी आहे, पोटात इंजिन. शिडावर सुकाणू अलगद फिरतं, इंजिन लावलं की एका बाजूला ओढतं. यंदा मामा म्हणाला, "हातातला जोर गेला रे आता." मला ते लागलं. घरी येऊन वाचत बसलो.

अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यातलं जहाज आठवतंय? तीन डोलकाठ्या, आणि सुकाणू म्हणजे मागे कडेला लटकणारं वल्हं. वाफेची सुरुवातीची जहाजं बहुतेक चाकांची. दोन्ही बाजूंना एकेक, त्यामुळे जोर सारखा. मग पंखा आला. १८४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याचं 'रॅटलर' आणि चाकांचं 'अलेक्टो' पाठीला पाठ बांधून एकमेकांना ओढायला लावलं. 'रॅटलर' जिंकलं. पुढे पंखाच रुळला.

पण एकटा पंखा पाणी नुसतं मागे ढकलत नाही, पिळतोसुद्धा. ते पिळलेलं पाणी मागच्या सुकाणूवर वरच्या भागात एका बाजूने आणि खालच्या भागात दुसऱ्या बाजूने आदळतं. दोन्ही जोर सारखे नसले की सुकाणू ओढतं. त्यात पंख्याचा दांडा मागे खाली उतरता असेल, तर खाली जाणारं पातं जास्त रेटतं आणि होडीचं नाकही वळू बघतं.

रात्रीच फोन केला. "मामा, दोष हाताचा नाही, पंख्याचा आहे."

जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "तरीच शिडावर काही होत नाही!"

असो. मे महिन्यात पुन्हा जायचंय. सुकाणू मामाच धरणार.