अंतर्गत परीक्षणातील निष्कर्ष आणि आयएसओ ९००१ ची कलमे

अंतर्गत परीक्षणातील निष्कर्षांची कलमांशी सांगड घालणे म्हणजे परीक्षणात आढळलेल्या त्रुटीमुळे गुणवत्ता व्यवस्थापन मानकातील नेमकी कोणती आवश्यकता अपूर्ण राहिली, हे निश्चित करणे होय. कारखान्यांत हे परीक्षण 'इंटर्नल ऑडिट' आणि त्यातील त्रुटी 'एनसी' या नावांनीच अधिक परिचित आहे. आयएसओ ९००१:२०१५ हे मानक भारतीय मानक ब्यूरोने आयएस/आयएसओ ९००१:२०१५ या क्रमांकाने स्वीकारले आहे.

आधार

मानकात दहा कलमे असली, तरी पहिली तीन व्याप्ती, संदर्भ आणि व्याख्या यांपुरती आहेत. त्यांवर अननुरूपता नोंदविता येत नाही. प्रत्यक्ष आवश्यकता ४ ते १० या कलमांत आहेत व इंग्रजी पाठात त्या 'शॅल' या शब्दावरून ओळखता येतात. 'टीप' म्हणून दिलेला मजकूर केवळ स्पष्टीकरणासाठी असतो.

आयएसओ ९००० मधील व्याख्येप्रमाणे आवश्यकतेची पूर्तता न होणे म्हणजे अननुरूपता. साहजिकच, आवश्यकता दाखविता आली नाही तर अननुरूपताही उरत नाही. परीक्षकाला एखादी पद्धत पसंत नसणे हा फार तर सुधारणेच्या सूचनेचा विषय ठरतो. मात्र आवश्यकता मानकातच असली पाहिजे असे नाही. कलम ९.२ संस्थेने स्वतः ठरविलेल्या आवश्यकताही परीक्षणाच्या कक्षेत आणते. दर दोन तासांनी माप घ्यावे असे मानक कोठेही सांगत नाही. पण संस्थेच्या कार्यपद्धतीत तसे लिहिले असेल आणि माप घेतले जात नसेल, तर त्या कार्यपद्धतीचा उल्लेख करून अननुरूपता नोंदविता येते.

उदाहरण

यंत्रशाळेत वापरात असलेल्या व्हर्नियर कॅलिपरच्या अंशशोधनाची, म्हणजे कॅलिब्रेशनची, मुदत उलटून गेलेली आढळली, तर लागू होणारे कलम ७.१.५.२ आहे. मुदत शिल्लक आहे, पण मोजावयाच्या सहिष्णुतेसाठी ते उपकरणच अपुरे आहे, असे दिसल्यास प्रश्न योग्यतेचा होतो आणि कलम ७.१.५.१ लागते. उपकरण योग्य असून कामगाराला वाचन घेता येत नसेल, तर कलम ७.२, म्हणजे सक्षमता. वस्तू एकच असली तरी पुरावा बदलला की कलम बदलते. म्हणून पुरावा आधी लिहून कलम नंतर शोधणे हाच सुरक्षित क्रम होय. कलम मनात धरून पुरावा जमविणाऱ्या परीक्षकाला बहुधा तेच कलम सापडते.

७.१.५.२ मध्ये आणखी एक आवश्यकता आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. उपकरण सदोष ठरल्यास त्याने पूर्वी घेतलेली मापे विश्वसनीय होती का, हे संस्थेने तपासावे लागते. कलम केवळ 'अंशशोधन' म्हणून नोंदवले गेले, तर उपकरण प्रयोगशाळेत पाठवून प्रकरण मिटते आणि ग्राहकाकडे आधीच गेलेल्या मालाचा विचार कोणी करीत नाही.

नेहमीच्या चुका

एका निष्कर्षापुढे तीन-चार कलमे लिहिणे किंवा काहीच न जुळल्यास ८.५.१ सारखे व्यापक कलम टाकणे, हे प्रकार सर्रास दिसतात. नाकारलेले भाग ओळखचिठ्ठीविना चांगल्या भागांशेजारी ठेवलेले असतील, तर ८.५.२ (ओळख व मागोवा) पेक्षा ८.७ अधिक नेमके आहे, कारण अननुरूप मालाचा नकळत वापर टाळण्याची अट तेथे आहे.

कलम म्हणजे कारण नव्हे. ७.२ लिहिले की 'पुन्हा प्रशिक्षण दिले' हे उत्तर ठरलेलेच असते. कारणाचा शोध मात्र १०.२ नुसार स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. 'मेजर' व 'मायनर' ही प्रतवारीही आयएसओ ९००१ मध्ये नाही. ती प्रमाणन संस्थांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२१-१ मधून आली आहे.

आवृत्तीतील फरक

जुन्या तपासणी-याद्या वापरताना क्रमांक फसवे ठरतात. २००८ च्या आवृत्तीत ८.५.२ हे सुधारात्मक कृतीचे कलम होते, २०१५ मध्ये तो क्रमांक ओळख व मागोवा यांना मिळाला. ७.५.३ चे नेमके उलट झाले: पूर्वी तेथे ओळख व मागोवा होता, आता दस्तऐवजी माहितीचे नियंत्रण आहे. त्यामुळे निष्कर्षात क्रमांकाबरोबर मानकाचे वर्ष आणि आवश्यकतेचे शब्दही नोंदविले जातात.