खाजगी अंगण आणि सार्वजनिक पाऊलवाट : इंग्लंडमधील एका वादाचा इतिहास

इंग्लंडमध्ये खाजगी घराच्या आवारातून जाणारी सार्वजनिक पाऊलवाट हा जुना वादविषय आहे. केवळ वहिवाट थांबल्याने सार्वजनिक मार्ग नष्ट होत नाही, हे तेथील कायद्याचे मूलतत्त्व होय. तथापि मालकाने ती वाट लोकांना अर्पण केली होती, हे पूर्वी साक्षीपुराव्याने न्यायालयास पटवावे लागे. १९३२ च्या मार्गाधिकार कायद्याने २० वर्षांच्या अखंड वहिवाटीवरून असे अर्पण गृहीत धरले. मात्र तसा हेतू नव्हता, हे दाखविण्याची मुभा मालकास ठेवली. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी काउंटी कौन्सिलांवर टाकली. परिणामी, वृद्धांच्या स्मरणावर विसंबलेला हक्क नोंदीत आला.

१९८० च्या हायवेज ॲक्टच्या ११९ व्या कलमान्वये मालकाच्या हितासाठी वाट वळविता येते. परंतु नवी वाट लोकांना लक्षणीय गैरसोयीची असता कामा नये. हरकत कायम राहिल्यास असा आदेश स्थानिक संस्था स्वतः कायम करू शकत नाही. यावरून असे दिसते की, तडजोड प्रामुख्याने हक्काच्या अस्तित्वाबाबत नव्हे, तर वाटेच्या जागेबाबत झाली. घराचा एकांत आणि लोकांची वहिवाट या दोहोंना त्यामुळेच स्थान मिळाले.