जुना डबा, नवं कार्ड

ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आपल्याला आधी गेम आठवतात. त्यात काही चूक नाही. पण जुन्या पीसीचं झाकण उघडायचं, रिकाम्या स्लॉटमध्ये एक कार्ड खोचायचं आणि त्या डब्याकडून त्याला आजवर न जमलेलं काम करून घ्यायचं, हा उद्योग आपल्याकडे गेमच्या कितीतरी आधी सुरू झाला. आणि तो कशासाठी, तर पडद्यावर 'क' उमटावा म्हणून!

डॉसचा काळ आठवा (माझ्यासारख्यांनी तो फक्त यूट्यूबवर पाहिलाय, पण असो). पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक चौकोनात एक अक्षर, आणि अक्षरांचे आकार कार्डाच्या रॉममध्ये कोरलेले, एकूण २५६. व्हीजीएवर हा चौकोन ९ बाय १६ ठिपक्यांचा. इंग्रजीला एवढं पुरून उरतं. आता त्यात 'राष्ट्रीय' लिहून दाखवा. ष, ट, र एकमेकांच्या अंगावर, वर वेलांटी, शिवाय शिरोरेघ सलग हवी. एका कोडला एक चौकोन हे गणितच इथे मोडतं. प्रोसेसर इतका दुबळा की प्रत्येक अक्षर सॉफ्टवेअरने काढत बसला तर कर्सर पुढे सरकेपर्यंत चहा पिऊन यावं.

यावर आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झालं. १९८३ साली दिल्लीला विश्व हिंदी संमेलनात तिथल्या देवनागरी टर्मिनलचं प्रात्यक्षिक दाखवलं गेलं. मोहन तांबे आणि मंडळींचं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं (सी-डॅकची स्थापना १९८८ची) आणि त्यातून जिस्ट कार्ड बाजारात आलं. पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं एक कार्ड. त्याची युक्ती मला आजही जबरदस्त वाटते. डीबेस, लोटस, वर्डस्टार यांना मराठीचा गंधही नव्हता. ते आपले बाइट लिहीत होते आणि बाइट वाचत होते. त्या बाइटमधून जोडाक्षर जुळवून पडद्यावर काढायचं काम कार्ड करायचं. म्हणजे डीबेसमध्ये गावातल्या लोकांची नावं मराठीत साठवली तरी डीबेसला त्याचा पत्ताच नाही!

हे जमलं कारण कोड आणि आकार यांची फारकत केली होती. इस्की नावाच्या मानकात (१९९१ मध्ये ते भारतीय मानक १३१९४ झालं) पहिले १२८ कोड अ‍ॅस्कीचे तसेच ठेवले आणि वरच्या भागात भारतीय अक्षरं बसवली. त्यातही गंमत म्हणजे 'क'चा कोड सगळ्या लिप्यांना एकच. लिपी बदलली की तोच मजकूर कानडीत दिसायचा.

धाराशिवच्या माणसाला ही सोय चटकन कळेल. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, जुनी घरगुती कागदपत्रं मोडीत, आणि उमरग्याच्या पलीकडे गेलं की पाट्या कानडी. एका जिल्ह्याच्या वाट्याला इतक्या लिप्या. (उर्दूला मात्र इस्कीच्या या कोष्टकात जागा मिळाली नाही. ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची घडणच वेगळी.)

पुढे विंडोज आलं. अक्षरं काढायचं काम फॉन्ट करायला लागले. १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली आणि विंडोज २००० पासून मराठी थेट ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली. जिस्ट कार्डाचं काम संपलं. कार्ड वाईट होतं म्हणून नाही. प्रोसेसर इतका वेगवान झाला की तेच काम त्याला फुकटात जमायला लागलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

*

दुसरा अंक गेमचा. तो सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पटापट जातो. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं वूडू आलं. ते फक्त थ्रीडीचं काम करायचं, साध्या चित्रासाठी जुनं कार्ड ठेवावंच लागे आणि दोघांमध्ये बाहेरून वायर जोडायची. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि 'जीपीयू' हा शब्द रुळवला.

आपल्याकडे मात्र खरी गोष्ट घडली ती मदरबोर्डवर. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, तालुक्या-तालुक्यांत क्लास निघाले आणि संगणक घराघरांत शिरायला लागला. स्वस्तातल्या मशीनमध्ये ग्राफिक्स बोर्डवरच असायचे. इंटेलचा ८१० चिपसेट घ्या. त्यात ग्राफिक्स आतच होते आणि कार्डासाठी एजीपी स्लॉट नव्हताच. पुढच्या ८४५ मालिकेतही तेच. ८४५जी बोर्डवर एजीपी स्लॉट असायचा, ८४५जीएलवर नाही. नावात एका अक्षराचा फरक. बोर्ड घेताना पाच-सातशे रुपये वाचले म्हणून खूश झालेल्या बापाला दोन वर्षांनी पोरगं सांगायचं, "पप्पा, कार्ड बसतच नाही, तो तपकिरी स्लॉटच नाहीये." मग उरायचे पांढरे पीसीआय स्लॉट आणि त्यात बसणारी मोजकी रडतखडत चालणारी कार्डं.

स्लॉट असला तरी सुटका नव्हतीच. एजीपीत ३.३ व्होल्टची आणि १.५ व्होल्टची अशी कार्डं. ८४५चा बोर्ड फक्त १.५ व्होल्टचा. खाच चुकीची कापलेलं एखादं जुनं ३.३ व्होल्टचं कार्ड त्यात बसलं की बोर्डच जळायचा.

आणि मग नावांचा खेळ. माझ्या मते स्वस्त कार्डांचा खरा इतिहास हाच आहे. २००२ मध्ये जीफोर्स ४ एमएक्स ४४० आलं. नावात चार, पण आतली वंशावळ जीफोर्स २ची. जीफोर्स ३ मध्ये आलेले प्रोग्रॅमेबल शेडर त्यात नव्हतेच. २००३चा प्रिन्स ऑफ पर्शिया, तोच 'सँड्स ऑफ टाइम', या कार्डावर सुरूच व्हायचा नाही, त्याआधीच्या जीफोर्स ३वर चालायचा. म्हणजे आकडा मोठा आणि कार्ड जुनं! २००३ मध्ये एफएक्स ५२०० आलं. खोक्यावर डायरेक्टएक्स ९, आणि ते खोटं नव्हतं, फक्त ते चालवण्याइतका दम कार्डात नव्हता. शिवाय त्याच नावाखाली १२८ बिट आणि ६४ बिट अशा दोन मेमरी बस विकल्या गेल्या. दुकानदार सांगणार "२५६ एमबी आहे साहेब", आणि बसबद्दल कुणी विचारायचंच नाही.

हे तेव्हाचं झालं असं वाटत असेल तर जीटी १०३० बघा. मे २०१७ मध्ये आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती, सेकंदाला ४८ जीबीची वाट. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४चं कार्ड निघालं, वाट १६.८ जीबीची. जवळपास एक तृतीयांश. नाव तेच, आकडा तोच. चौपदरी रस्ता म्हणून टोल घ्यायचा आणि आत पाणंद निघायची, तसला प्रकार.

*

आता हे सगळं उगाळायचं कारण. माझा मामेभाऊ धाराशिवला लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याचा परवा फोन आला, "दादा, आठ हजारांत कुठलं कार्ड बसंल? लगीनसराई तोंडावर आलीय." आठ हजार म्हणजे आपल्यासाठी दोन वीकेंडची हॉटेलची बिलं. त्याच्यासाठी तो सोयाबीनच्या पैशातून मामाने बाजूला काढलेला हिस्सा आहे, आणि यंदा चुकलं तर पुन्हा मागायची सोय नाही.

मशीन कसलं? चौथ्या पिढीचा आय५, एच८१ चिपसेट, ८ जीबी डीडीआर३, स्लिम केस, २५५ वॉटचा सप्लाय. ओळखलंत ना? पुण्या-मुंबईच्या ऑफिसांनी लीज संपल्यावर परत केलेली मशीन्स रिफर्बिश्ड म्हणून जिल्ह्याच्या गावी जातात, त्यातलंच एक. आपण कंटाळून टाकलेल्या डब्यांवर तिकडे धंदे उभे आहेत.

त्याची नेमकी तक्रार अशी, की मोबाइलवर शूट केलेल्या क्लिप टाइमलाइनवर अडखळतात. हे कळलं आणि अर्धं उत्तर मिळालं. नवे फोन व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये साठवतात. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला एच.२६४ येतं, एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये येत नाही. म्हणजे सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर. जिस्टच्या काळात जोडाक्षराचं जे झालं होतं तेच इथे व्हिडिओच्या फ्रेमचं झालंय. प्रोसेसरला जे पेलत नाही ते कार्डाने उचलायचं. तेव्हा त्याला गेमचं वेगवान कार्ड नकोच, एचईव्हीसी उलगडणारं आणि परत बांधणारं कार्ड हवंय.

मग यादीला कात्री लावायला घेतली.

त्याने सुचवलेलं आरएक्स ६४००. स्लिम आहे, ५३ वॉटचं आहे, स्लॉटमधूनच वीज घेतं. छान. पण २०२२ मध्ये एएमडीने ते काढताना व्हिडिओ एन्कोडरच काढून टाकला. एडिटिंगवाल्याला याचा निम्मा उपयोग गेला. शिवाय ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चार लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. एच८१ देतो पीसीआय एक्सप्रेस २.०, म्हणजे लेनला ५०० एमबी, चार लेनचे २ जीबी. नव्या मशीनवरचे रिव्ह्यू बघून हे कार्ड घेतलं तर तो वेग या डब्यात दिसणारच नाही. ८१० चिपसेटवाल्या पोराची गोष्ट पुन्हा!

इंटेल आर्क ए३१०. एन्कोडर झकास. पण इंटेल स्वतःच त्यासाठी दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि रीसाइझेबल बार मागतं. इथे दोन्ही नाही.

जीटीएक्स १०५० टीआय. २०१६चं गुणी कार्ड, ४ जीबी, ७५ वॉट, एचईव्हीसी दोन्हीकडून. चार वर्षांपूर्वी असतो तर डोळे झाकून हेच सांगितलं असतं. पण एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. कार्ड उद्या बंद पडणार नाही, पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर दरवर्षी नवा ड्रायव्हर मागत असतं.

आणि ते ७५ वॉटही तपासायला हवेत. स्लॉट ७५ देतो असं आपण पाठ केलेलं असतं, पण स्लिम मशीनमध्ये बरेचदा कमी मिळतात. भावाला मशीनचं मॅन्युअल उघडायला लावलं. त्यात ५० लिहिलंय. गावाकडे यात आणखी एक भानगड, ती म्हणजे यूपीएस. ६०० व्हीएचा म्हणून जो मिळतो तो साधारण ३६० वॉटचा असतो, त्यावर मॉनिटरही आणि राउटरही. एक्सपोर्ट ९० टक्क्यांवर असताना लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली तर नवरदेवाचा बाप ऐकून घेत नाही :-)

राहता राहिलं टी६००. हे एनव्हिडियाचं वर्कस्टेशन कार्ड, २०२१चं. ट्युरिंग पिढी, म्हणजे ड्रायव्हर अजून चालू. ४ जीबी, ४० वॉट, एकच स्लॉट, अर्ध्या उंचीचं. एचईव्हीसी उलगडतं आणि बांधतंही. खोक्यावर राक्षसाचं चित्र नाही, रंगीत दिवे नाहीत, त्यामुळे गेमवाले याच्याकडे बघत नाहीत. जुन्या बाजारात हे येतं तेही ऑफिसांच्या लीजमधूनच, म्हणजे मशीन जिथून आलं तिथूनच कार्ड! १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमचं जीपीयू मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं तापवलेली कार्डं सेकंडहँडमध्ये आली. त्या भानगडीत असली वर्कस्टेशन कार्डं फारशी सापडत नाहीत, हा आणखी एक दिलासा.

माझ्या टीममधला एक जण म्हणाला, "अरे, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे चालत नाही. मेलेल्या घोड्याला नाल कशाला ठोकतोस?" मुद्दा बिनतोड आहे. पण नवं मशीन आठ हजारांत येत नाही आणि लग्नं थांबत नाहीत. म्हणूनच मला मशीनला चिकटलेलं नव्हे, उचलून दुसऱ्यात नेता येईल असं कार्ड हवं होतं. टी६०० उद्याच्या डब्यातही बसेल. डीडीआर३ची आणखी ८ जीबी मात्र याच डब्याबरोबर जाईल. पण ती आधी टाकायला सांगितलीय, कारण ८ जीबीत टाइमलाइन उघडली की विंडोज डिस्क चाटायला लागतं आणि त्यावर कुठल्याच कार्डाचा इलाज नाही.

पैशांचा मेळ बसला तर या महिन्यात मी कार्ड घेऊन जाईन. निघण्याआधी दोन गोष्टी बघायच्या आहेत. एक, कार्डासोबत अर्ध्या उंचीची पट्टी आहे का. मोठी पट्टी लावलेलं कार्ड स्लिम केसमध्ये शिरत नाही, आणि ती पट्टी सुटी मिळवायला धाराशिवात फिरण्यात अर्थ नाही. दुसरं, या कार्डाला सगळे मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत आणि भावाचा मॉनिटर व्हीजीएचा. अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागेल. तो आठ हजारांत धरलेला नाही, तो माझ्याकडून.