बडोद्याची पागा आणि १९४७ चा हंगाम : ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याची कथा

१/
तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याविषयी एक विलक्षण नोंद करून ठेवली आहे. ठाण्याच्या राजाने समुद्रावरील चाच्यांशी करार केला होता. लुटीतले सोने, कापड, जिन्नस चाच्यांनी घ्यावेत. घोडे मात्र राजाला द्यावेत. राजाच्या मुलखात घोडे नव्हते आणि परदेशातून हिंदुस्थानाकडे येणारे गलबत घोड्यांवाचून येत नसे, असे कारण पोलो देतो. हे कृत्य राजाला शोभणारे नाही, असा शेराही तो मारतो.

२/
ठाण्याच्या या नोंदीत एक प्रश्न दडलेला आहे : घोडा राजाला मिळतो, पण त्याची किंमत कोण चुकवतो? साडेसहा शतकांनंतर एका मराठी राजघराण्याने शर्यतीच्या एका शिंगरासाठी विक्रमी रक्कम मोजली, तेव्हा हाच प्रश्न निराळ्या वेषात पुढे आला. आजचा धागा त्या घराण्याच्या पागेचा, तिच्या सर्वांत यशस्वी हंगामाचा आणि त्या हंगामामागील हिशेबाचा.

३/
गायकवाडांचे राज्य घोड्याच्या पाठीवरच उभे राहिले. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत दमाजी गायकवाडांनी पराक्रम गाजवला आणि ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळवला. पुतणे पिलाजीराव यांनी गुजरातेत पाय रोवले. त्या काळच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि सरकारी घोडदळाची ती पागा. हे तीन शब्द ध्यानात असू द्या. ते पुढे उपयोगी पडतील.

४/
याच घराण्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक गेला आणि १८७५ मध्ये गादीवर बसला. तेच महाराजा सयाजीराव तिसरे. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, गावोगावी ग्रंथालये काढली. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली ती त्यांनीच. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे.

५/
१९३९ च्या फेब्रुवारीत सयाजीराव निवर्तले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. आजोबांना शाळांचा ध्यास होता, नातवाला शर्यतीच्या घोड्यांचा. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर बडोद्याच्या पागेचे घोडे दिसू लागले. १९४३ मध्ये तेथे पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने, मालक प्रतापसिंहराव. घोडीवर स्वार होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट.

६/
ही पहिली डर्बी ‘कंट्री ब्रेड डर्बी’ या नावाने धावली, म्हणजे केवळ हिंदुस्थानात जन्मलेल्या घोड्यांसाठी. तोवर आपल्याकडील शर्यतींत परदेशातून आणलेल्या घोड्यांचा दबदबा असे. देशी पैदाशीला स्वतःचे मानाचे मैदान मिळाले ते असे, ऐन महायुद्धात. प्रिन्सेस ब्यूटिफुल ही भारतीय डर्बीच्या इतिहासातील पहिली विजेती, आणि ती मादी होती, हेही नोंदवण्याजोगे.

७/
प्रतापसिंहरावांचे लक्ष मात्र इंग्लंडकडे होते. १९४५ मध्ये ‘दान्ते’ या घोड्याने इंग्लंडची डर्बी जिंकली. त्याच वर्षी त्याचा सख्खा भाऊ न्यूमार्केटच्या लिलावात आला : पिता इटलीचा अपराजित घोडा निआर्को, माता रोझी लेजंड. शिंगरू जेमतेम वर्षाचे, एकही शर्यत न धावलेले. प्रतापसिंहरावांनी त्यासाठी २८,००० गिनी मोजल्या. वर्षभराच्या शिंगरासाठी इतकी बोली तेथे पूर्वी कधी लागली नव्हती.

८/
गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडाहून एक शिलिंग अधिक. इंग्लंडात घोड्यांचे सौदे परंपरेने गिनीतच होत. २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. त्या काळी रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स होता. त्या दराने ही रक्कम ३ लाख ९२ हजार रुपये भरते. महाराजांनी शिंगराला आजोबांचे नाव दिले : सयाजीराव.

९/
घोडा घेतला की पागा हवी. महाराजांनी न्यूमार्केटमधील ‘वॉरन प्लेस’ ही वास्तू घेतली आणि यॉर्कशायरमधून सॅम आर्मस्ट्राँग या प्रशिक्षकाला तेथे आणले. मुंबईत बडोद्याच्या रंगांत धावलेला एडगर ब्रिटही इंग्लंडात आला. आपल्या जुन्या भाषेत बोलायचे तर ब्रिट हा बारगीर : घोडा मालकाचा, खोगीर मालकाचे, जिवाची जोखीम मात्र स्वाराची. पुढे याच वॉरन प्लेसमध्ये हेन्री सेसिल यांनी ‘फ्रँकेल’ घडवला, ज्याने १४ पैकी १४ शर्यती जिंकल्या.

१०/
आता हंगामाचे गणित. घोडा तीन वर्षांचा होतो, तेव्हा त्याच्या आयुष्यात एकदाच इंग्लंडच्या मानाच्या शर्यती येतात. वसंतात टू थाउजंड गिनीज, सुमारे १६०० मीटर. जूनमध्ये एप्समची डर्बी, सुमारे २४०० मीटर. सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरची सेंट लेजर, सुमारे २९०० मीटर. अंतर वाढत जाते आणि प्रश्न बदलत जातो. आरंभी वेग पाहिला जातो, अखेरीस दमसास. एका घोड्यात दोन्ही क्वचितच नांदतात, आणि ते ओळखणे हेच प्रशिक्षकाचे काम.

११/
१९४७ चा हंगाम सुरू झाला. टू थाउजंड गिनीजमध्ये ‘ट्यूडर मिन्स्ट्रेल’ नावाचा घोडा वाऱ्यासारखा सुटला आणि आठ घोड्यांच्या लांबीइतके अंतर राखून जिंकला. सयाजीराव तिसरा आला. विक्रमी किमतीच्या घोड्यासाठी हा निकाल फिकाच. परंतु १६०० मीटर हे त्याचे अंतरच नव्हते. त्यानंतर डर्बीची पूर्वतयारी मानली जाणारी लिंगफील्डची शर्यत त्याने जिंकली.

१२/
एप्समच्या डर्बीत सगळ्यांचा पैसा ट्यूडर मिन्स्ट्रेलवर होता. वाढीव अंतर त्याला पेलले नाही आणि तो चौथा आला. फ्रान्सहून आलेला ‘पर्ल डायव्हर’ ४० ला १ अशा भावाचा. कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. तोच जिंकला. दुसरा आला मिगोली आणि तिसरा सयाजीराव. मिगोलीचे मालक होते मुंबई-पुण्यात वाढलेले आगाखान तिसरे. एप्समच्या त्या मैदानात दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या घोड्यांचे धनी पश्चिम हिंदुस्थानचे होते.

१३/
त्याच उन्हाळ्यात सयाजीराव आयर्लंडला गेला आणि आयरिश डर्बी जिंकून आला. अंतर एप्समइतकेच, प्रतिस्पर्धी मात्र सौम्य. पागेचा हंगाम अशाच निवडींतून घडतो. कोणता घोडा कोठे न्यायचा, कोणती शर्यत सोडून द्यायची, कोणत्या दिवसासाठी त्याला ताजा ठेवायचा, हे ठरवणे सरावाइतकेच महत्त्वाचे असते. आर्मस्ट्राँग यांची नजर सप्टेंबरवर होती.

१४/
सप्टेंबर १९४७. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम महिना लोटला होता. पंजाबात रक्तपात चालू होता आणि निर्वासितांच्या रांगा दिल्लीकडे येत होत्या. डॉनकास्टरच्या मैदानावर त्याच दिवसांत सेंट लेजर धावली. १७७६ पासून चालत आलेली ही शर्यत इंग्लंडच्या मानाच्या पाच शर्यतींत सर्वांत जुनी. अखेरच्या टप्प्यात सयाजीराव आणि फ्रान्सचा आर्बार यांची खांद्याला खांदा लावून झुंज झाली. ब्रिटचा सयाजीराव डोक्याइतक्या अंतराने पुढे राहिला. मिगोली तिसरा.

१५/
१९४७ चा सयाजीरावचा निकालपट असा :
• टू थाउजंड गिनीज : तिसरा
• लिंगफील्ड डर्बी ट्रायल : पहिला
• एप्सम डर्बी : तिसरा
• आयरिश डर्बी : पहिला
• सेंट लेजर : पहिला
याच वर्षी पागेतील दोन वर्षांच्या ‘माय बाबू’ने डॉनकास्टरलाच शॅम्पेन स्टेक्स जिंकली. म्हणजे पुढच्या हंगामाची बीजेही पेरली गेली होती.

१६/
माय बाबू फ्रान्समध्ये जन्मलेला. पिता जेबेल, जो आर्बारचाही पिता. १९४८ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये चार्ली स्मर्क या स्वारासह माय बाबूने ‘द कॉबलर’ला डोक्याइतक्या अंतराने मागे टाकले. जेबेलने स्वतः १९४० मध्ये हीच शर्यत जिंकली होती. डर्बीत मात्र माय बाबूचा दम तोकडा पडला आणि तो चौथा आला. ती डर्बी जिंकली ‘माय लव्ह’ने, त्याच्या मालकांत पुन्हा आगाखान.

१७/
माय बाबूचे यश आणखी एका कारणाने मोलाचे. १९१३ पासून इंग्लंडात ‘जर्सी ॲक्ट’ नावाचा वंशावळ-नियम होता. ज्या घोड्याची संपूर्ण वंशावळ ब्रिटिश नोंदवहीपर्यंत जोडता येत नाही, तो शुद्ध रक्ताचा नव्हे, असा त्याचा आशय. रोख मुख्यतः अमेरिकी रक्तावर. या नियमानुसार माय बाबू ‘शुद्ध’ नव्हता. १९४८ मध्ये तो आणि ‘ब्लॅक टार्क्विन’ असे नियमाबाहेरचे दोन घोडे मानाच्या शर्यती जिंकून गेले. १९४९ मध्ये नियम मागे घ्यावा लागला. कुळाच्या अहंकाराला मैदानाने दिलेले हे उत्तर होते.

१८/
इंग्लंडात १९४८ चा हंगाम रंगला असताना बडोद्यात निराळा हंगाम आला होता. त्या वर्षी संस्थानच्या धारासभेने महाराजांनी गादी सोडावी, अशी मागणी केली. खजिन्याची तपासणी झाली. मंजूर खासगी तनख्याच्या पलीकडे मोठ्या रकमा राज्याच्या तिजोरीतून उचलल्या गेल्याचे निष्पन्न झाले आणि त्या परत करण्याचे महाराजांना मान्य करावे लागले. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली आणि पुत्र फत्तेसिंहराव त्यांच्या जागी आले.

१९/
येथे एक साधा हिशेब मांडून पाहा. आंबेडकरांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, ३६ महिने. एकूण ४१४ पौंड. ‘सयाजीराव’ शिंगराची किंमत २९,४०० पौंड. भागाकार केला तर ७१ येतो. मधल्या तीस वर्षांत पौंडाचे मोल बरेच उतरले होते, म्हणून हा आकडा ढोबळ मानावा. तरी त्याचा निम्मा धरला, अगदी एक तृतीयांश धरला, तरी प्रश्न उरतोच. एकाच नावाच्या दोन खर्चांपैकी कोणत्या खर्चाने देश अधिक पुढे गेला, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

२०/
तथापि या हिशेबात घोड्याला दोषी धरू नये. तो जिंकला तो स्वतःच्या पायांवर, ब्रिटच्या हातांवर, आर्मस्ट्राँग यांच्या नजरेवर आणि ज्यांची नावे निकालपटात कधीच छापली जात नाहीत, अशा मोतद्दारांच्या पहाटेच्या कष्टांवर. वैभव सरंजामी होते, कौशल्य मात्र अस्सल होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य केल्याशिवाय संस्थानी काळाचा इतिहास नीट वाचता येत नाही.

२१/
पुढे काय झाले? सयाजीराव १९४८ मध्ये रॉयल ॲस्कॉटला हार्डविक स्टेक्स जिंकला आणि नंतर उत्तम प्रजनक ठरला. त्याची कन्या ‘ग्लॅडनेस’ १९५८ मध्ये ॲस्कॉटच्या गोल्ड कपची मानकरी झाली. पुत्र ‘इंडियाना’ने १९६४ मध्ये, पित्याप्रमाणेच, सेंट लेजर जिंकली. माय बाबू अमेरिकेत गेला. प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनमध्ये वारले. एडगर ब्रिट २०१७ पर्यंत जगला, १०३ वर्षांचा होऊन.

२२/
आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात ‘बरोडा स्टड’ नावाची घोड्यांची पैदास करणारी वाडी आजही आहे. बडोद्याच्या पागेची तेथे उरलेली खूण म्हणजे हे नाव. ठाण्याच्या राजाने घोड्याची किंमत आपल्या बंदरावरील व्यापाऱ्यांच्या विश्वासाने चुकवली होती. बडोद्याच्या महाराजांनी ती आपल्या प्रजेच्या विश्वासाने चुकवली. शर्यतींच्या जुन्या नोंदी वाचताना मालकाच्या नावापाशी क्षणभर थांबा आणि त्या रकान्यामागची तिजोरी कोणाची होती, एवढे अवश्य विचारा.